गिधाडं उपासमारीनं मेली नाहीत

"लोक मेलेली ढोरं पुरायला लागले, मग गिधाडं जगणार कशी?" गावोगावी हे ऐकू येतं, पण ते खरं कारण नाही. तपासलेली बहुतेक मृत गिधाडं चांगली पोसलेली होती. सुरुवातीला संशोधकांनाही विषाणूच्या साथीचा संशय होता. शवविच्छेदनात मात्र मूत्रपिंडं निकामी झालेली आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा खडूसारखा पांढरा थर दिसला. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या अभ्यासातून गुन्हेगार दाखवून दिला: डायक्लोफेनॅक. गाई-म्हशींना सूज-वेदनेसाठी टोचलं जाणारं साधं इंजेक्शन! ते दिल्यावर लगेच दगावलेलं जनावर म्हणजे गिधाडांसाठी विषाचं ताट. शंभरातल्या एखाद्या मढ्यात जरी ते असलं, तरी गिधाडं झपाट्यानं संपू शकतात, कारण एका मढ्यावर अख्खा थवा उतरतो.

भारतानं २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या ३ मिलीपुरत्या मर्यादित झाल्या. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक ही तशीच वेदनाशामक औषधंही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक मात्र गिधाडांना सुरक्षित आहे. पशुपालकांनो, डॉक्टरांकडे तेच मागा.