वॉल मिक्सर आणि कन्सील्ड डायव्हर्टर: न्हाणीघरात शॉवर वाढवण्यापूर्वी

न्हाणीघरात बादलीच्या नळाबरोबर स्वतंत्र शॉवरही हवा असे ठरले की सांगली-मिरजेतल्या सॅनिटरीच्या दुकानांत वॉल मिक्सर आणि डायव्हर्टर ही दोन्ही नावे पुढे येतात. दोन्ही वस्तू गरम व गार पाणी एकत्र करून खाली नळाला किंवा वर शॉवरला देतात, त्यामुळे पुष्कळ घरांत केवळ दिसण्यावरून निवड होते. मात्र वॉल मिक्सरची बॉडी भिंतीबाहेर राहते आणि कन्सील्ड डायव्हर्टरची टाइलमागे गाडली जाते. तोडफोड, खर्च आणि पुढची दुरुस्ती यावरच ठरते.

वॉल मिक्सरसाठी गरम-गार पाण्याचे अर्ध्या इंची दोन पॉइंट साधारण ६ इंच अंतरावर लागतात. ते आधीपासून असतील, तर शॉवरची सोय असलेला मिक्सर आणून त्याच्या माथ्यावर भिंतीबाहेरून जाणारा बेंड पाइप जोडला की एकही टाइल न फोडता काम होते. चालत्या घरात फक्त शॉवर वाढवायचा असेल, तर माझ्या मते हाच मार्ग योग्य आहे.

डायव्हर्टरची बॉडी मात्र टाइल लावण्यापूर्वी बसवावी लागते, आणि तिच्यापासून शॉवरपर्यंतचा व नळापर्यंतचा पाइपही भिंतीतूनच न्यावा लागतो. ४ इंची भिंतीत इतकी खोल झिरी मारणे धोक्याचे असते. ९ इंची वीटकाम असेल आणि टाइल्स बदलायच्याच असतील, तर ही नेटकी रचना जरूर करावी. प्लास्टरपूर्वी सर्व जोडांची दाबाने चाचणी घेतल्याशिवाय गवंड्याला पुढे जाऊ देऊ नये, कारण त्यानंतर गळणारा जोड टाइल फोडूनच सापडतो.

डायव्हर्टर बिघडला की दर वेळी भिंत फोडावी लागते, ही समजूत मात्र चुकीची आहे. पुढची प्लेट काढून आतले कार्ट्रिज (पाणी मिसळणारा व सोडणारा सुटा भाग) बदलता येते; अडचण एवढीच, की ते बहुधा त्याच कंपनीचे आणि त्याच मॉडेलचे लागते, म्हणून बिल आणि मॉडेल क्रमांक जपून ठेवावा. आपल्या भागात बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी क्षारयुक्त आहे; ते क्षार कार्ट्रिजमध्ये आणि शॉवरच्या छिद्रांत साचतात. साध्या वॉल मिक्सरचे स्पिंडल (मुठीखालचा, पाणी सुरू-बंद करणारा भाग) हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळते, हा बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांसाठी मोठा फायदा आहे.

दाब वाढवणे मात्र दोघांच्याही हातात नाही. पाण्याच्या १० मीटर उंचीमागे चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब मिळतो. एकमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी शॉवरच्या २ मीटर वर असेल, तर हा दाब जेमतेम ०.२ किलो भरतो. एवढ्यावर रुंद रेन शॉवरची धार मंदच पडते, तिथे लहान तोंडाचा शॉवर बरा. पंप बसवायचाच असेल, तर तो गरम आणि गार दोन्ही लाइनींवर समान दाब देईल असा जोडून घ्यावा; फक्त गार लाइनीवर बसवल्यास गार पाणी मिक्सरमधून गरम लाइनीत शिरते आणि सोलरचे गरम पाणी शॉवरपर्यंत पोहोचतच नाही.