भंगाराची चाळण का तुंबते : एका जुन्या अडचणीची पार्श्वभूमी

मुंबईतील दारूखाना, कुर्ला, धारावी किंवा जवळची तळोज्याची औद्योगिक वसाहत, जिथे जिथे धातूचे भंगार वितळवण्यापूर्वी निवडले जाते तिथे काटा, कटर आणि चुंबक यांच्या जोडीला चाळणही असतेच. मात्र तिचा विषय निघतो तो बहुधा ती तुंबल्यावर. तुंबलेली चाळण उजेडासमोर धरली की दोन वेगळे दोष दिसतात. काही भोकांत धातूचे तुकडे पाचर मारल्यासारखे घट्ट बसलेले असतात आणि बोटाने ढकलले तरी हलत नाहीत. काही ठिकाणी भोक रिकामे असते, पण भोवतीच्या तारांवर तेलकट काळ्या भुकटीचे थर चढत जाऊन ते सुईच्या टोकाएवढे उरलेले असते. पहिला दोष मालाच्या मापातून आणि आकारातून येतो, दुसरा ओलाव्यातून आणि तेलातून. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि त्यांचा इतिहासही वेगळ्या वाटांनी आलेला आहे.

मापाचा दोष साध्या हिशेबाने कळतो. 10 मिलिमीटरच्या चौकोनी भोकावर 5 मिलिमीटरचा गोल दाणा पडला, तर तारेला न लागता तो सरळ खाली जाण्याची शक्यता 100 पैकी 25 असते. दाणा 9 मिलिमीटरचा असेल तर हीच शक्यता 100 पैकी 1 वर येते. हा हिशेब भोकावर पडलेल्या दाण्याचा आहे. तारेच्या जाडीने अडलेली जागा धरली तर शक्यता आणखी घटते. म्हणजे लहान दाणे पटकन निघून जातात, मोठे वरून घरंगळतात, आणि भोकाच्या मापाला अगदी जवळचे दाणे आपटत, वळत, शेवटी कुठेतरी अडकतात. वाळू किंवा खडी निदान ठोकळेबाज तरी असते. भंगारात तांब्याच्या तारेचे तुकडे, लेथवरचा गुंडाळलेला कीस, पत्र्याच्या चपट्या चकत्या असा माल येतो. तारेचा तुकडा उभा होऊन भोकात शिरतो किंवा दोन भोकांत दोन टोके घालून मधल्या तारेवर स्वार होतो, आणि मग त्याच्याभोवती बाकीचा माल गुंतत जातो. शिवाय चुंबकाखालून गेलेल्या लोखंडी भुकटीत थोडे चुंबकत्व उरू शकते व ती साध्या पोलादी जाळीला चिकटून राहते, ही अडचण खडी फोडणाऱ्याला सहसा येत नाही.

चाळण तुंबू नये यासाठीचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे पाणी. जर्मन खनिजशास्त्रज्ञ अग्रिकोला याच्या 1556 मध्ये छापलेल्या ग्रंथात खनिजाने भरलेली चाळण पाण्याच्या पिंपात बुडवून झटके देण्याची पद्धत वर्णिलेली आहे. पाण्याखाली भुकटी तारेला धरून बसत नाही आणि प्रत्येक झटक्याला पाणी उलट वर येऊन भोके धुते. झवेरी बाजारातील झारेकरी सोनारांच्या दुकानांतला केर आणि राख गोळा करून, जाळून, पाण्यात घोळून सोन्याचे कण काढतात, त्यामागेही पाण्याचा हाच गुण आहे. मग भंगारवाल्याने पाणी का वापरू नये? ॲल्युमिनियम वितळवताना वर येणाऱ्या मैलात नायट्राइड असते आणि त्यावर पाणी पडले की अमोनियाचा झोंबणारा वायू सुटतो. लोखंडाचा कीस गंजतो. भट्टीत ओला माल टाकणे जिवावर बेतू शकते. आणि तेलमिश्रित काळे सांडपाणी कुठे सोडायचे हा प्रश्न उरतोच. त्यामुळे धातूच्या पुनर्वापरात बराचसा माल कोरडाच चाळावा लागतो, आणि कोरड्या चाळणीचा इतिहास हा मुख्यतः ठोकण्याचा इतिहास आहे.

लहान कारखान्यांत अजून दिसणारी रीत अशी : लोखंडी चौकटीत ताणलेली जाळी तिरकी टेकवायची, एकाने फावड्याने माल वर फेकायचा आणि दुसऱ्याने मधूनमधून चौकटीवर दांडा मारायचा. ही रीत वाईट नाही, पण दांडा चौकटीवर पडायला हवा. घाईत तो जाळीवरच पडतो, तारा सरकतात, भोके लहानमोठी होतात आणि त्यानंतर कोणतेही माप खरे राहत नाही. अडकलेला तुकडा वरून ठोकला तर तो आणखी आत रुततो. जाळी उलटी करून, ज्या बाजूने तो शिरला त्याच बाजूला परत ढकलावा लागतो. इतकी साधी गोष्ट, पण जाळ्यांचे आयुष्य बहुतेक इथेच संपते.

ठोकण्याचे काम चाळणीच्या आतच सोपवण्याची कल्पना धान्याच्या उद्योगाने पुढे नेली. 1887 च्या सुमारास बुडापेस्टमध्ये कार्ल हागेनमाखर याने एकावर एक चाळण्या रचून त्या सपाट वर्तुळात फिरवण्याचे यंत्र पिठाच्या गिरण्यांसाठी केले. अशा यंत्रांत जाळीखाली छोटे ब्रश, कापडी तुकडे किंवा रबरी गोळे सैल ठेवलेले असतात, ते उसळून खालून जाळीवर आपटतात आणि भोके मोकळी करतात. आज तांब्याचे दाणे किंवा पितळेची राख चाळणाऱ्या यंत्रांत जे रबरी गोळे दिसतात ते याच जातीचे आहेत. बारीक दाण्यासाठी ते उत्तम, तेलकट मालात मात्र गोळ्यांवरच लेप बसतो आणि महिन्याकाठी ते धुवावे किंवा बदलावे लागतात.

ट्रॉमेल, म्हणजे भोके असलेल्या पिंपासारखी फिरती चाळण, खाणींतून आणि कचऱ्याच्या कामातून भंगारात आली. यात सफाई आपोआप काही अंशी होते, कारण खाली असताना अडकलेला तुकडा पिंप फिरून वर गेल्यावर स्वतःच्या वजनाने सुटतो, आणि जो सुटत नाही त्याच्यासाठी वरच्या बाजूला बाहेरून ब्रश लावतात. पिंप फार वेगाने फिरवला तर माल भिंतीला चिकटूनच फिरतो व चाळण्याचे काम थांबते. 1 मीटर व्यासाच्या पिंपात ही मर्यादा मिनिटाला सुमारे 42 फेऱ्यांची आहे, म्हणून प्रत्यक्षात वेग तिच्या बराच खाली ठेवतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेवर थरथरणाऱ्या चाळण्या आल्या आणि दांड्याची जागा मोटरने घेतली.

अडचणीचे स्वरूप खऱ्या अर्थाने बदलले ते अमेरिकेत 1950 ते 1960 च्या दशकांत अख्खी मोटारगाडी चुरणारे श्रेडर उभे राहिल्यावर. श्रेडरमधून लोखंड काढून घेतल्यावर जे उरते त्यात रबर, काच, फोम, माती, तारा आणि तेल एकत्र असते, आणि ताणलेल्या जाळीला हे मिश्रण झेपत नाही. इथे उपयोगी पडले पॉलियुरेथेन, जे 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायर यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले होते. त्याच्या लवचीक पट्ट्यांना भोके पाडून त्या आळीपाळीने ताणल्या व सैल सोडल्या की पट्टीवरचा माल गुरुत्वाकर्षणाच्या 50 पटींपर्यंत प्रवेगाने उसळतो, तर यंत्राच्या चौकटीला फारच कमी धक्का बसतो. भोक स्वतःच आकार बदलत असल्याने त्यात पाचर टिकत नाही. खालच्या बाजूला रुंद होत जाणारी भोके, आडव्या तारा नसलेली जाळी, लांब तुकड्यांसाठी बोटांसारख्या दांड्यांची चाळण हे याच विचाराचे इतर प्रकार. पैकी आडव्या तारा नसलेली जाळी तारांच्या भंगाराला अजिबात चालत नाही, कारण लांब तुकडे तिच्यातून बेलाशक निसटतात.

मुंबईत यात पावसाची भर पडते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे 2000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि ताडपत्रीखाली ठेवलेली भुकटीही हवेतला ओलावा ओढून घेते. मे महिन्यात बिनतक्रार चालणारी जाळी जुलैत तासाभरात तुंबते. अशा वेळी महागडे यंत्र घेण्याआधी कामाचा क्रम तपासावा असे माझे मत आहे. कीसाचे तेल निथळून घेणे, तारा व गुंते आधी हाताने किंवा मोठ्या भोकाच्या जाळीवर वेगळे करणे, लोखंड असलेला माल चुंबकानंतर चुंबकाला न धरणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा रबराच्या जाळीवर घेणे आणि चाळणीवर एका वेळी पातळ थर टाकणे, एवढ्यानेच बरीचशी तुंबातुंब टळते. जाड थराखाली सगळ्यात भारी यंत्रही हतबल होते, कारण खालचा दाणा जाळीपर्यंत पोहोचला तरी वरच्या ओझ्याने भोकात दाबला जातो. वाहने मोडीत काढण्याविषयीचे 2021 चे नियम आणि एप्रिल 2023 पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम यांमुळे नोंदणीकृत कारखान्यांकडे जो माल वाढत जाईल, त्यात तारा, प्लॅस्टिक आणि बारीक भुकटी यांचे प्रमाण जहाजे तोडून मिळणाऱ्या जाड पत्र्यापेक्षा कितीतरी अधिक असेल.