काज अटॅचमेंट : नवीन काय केलंय आणि का केलंय

सरळ टाक्याच्या पायमशीनवर काम करणाऱ्या टेलर मास्तरांसाठी आणि घरी शिवणाऱ्या ताईंसाठी माहितीपत्रक
उद्यमनगर, कोल्हापूर

कॉलर बसली, कफ बसले, तळपट्टी दुमडून झाली, आणि तरी शर्ट गिऱ्हाइकाच्या हातात जात नाही, कारण काजाला पाठवलेला गठ्ठा परत आलेला नसतो. जूनमध्ये शाळेचे गणवेश आणि पुढे दिवाळी, या दोन हंगामांत 'काज-बटण, इंटरलॉक करून मिळेल' अशी पाटी असलेल्या प्रत्येक दुकानात हीच गर्दी. काजवाल्यांशी आमचं काही वाकडं नाही. त्यांचं मशीन फक्त काजासाठीच बनवलेलं असतं आणि ते काम झपाट्यानं उरकतं. ज्यांचे रोज ढिगानं शर्ट निघतात त्यांनी तिथंच पाठवावेत किंवा स्वतःचं काज मशीन घ्यावं. ज्यांच्याकडे झिगझॅग मशीन आहे त्यांनाही आमची अटॅचमेंट, म्हणजे साध्या मशीनला जोडून काज करायचं साधन, नको, कारण त्यात सुईच डावी-उजवीकडे हलते. हे पत्रक आहे काळ्या पायमशीनवर दिवसाला दोन-चार शर्ट, एखादा कुर्ता, पोरांचे गणवेश शिवणाऱ्यांसाठी.

मुळात हे चालतं कसं

काज अटॅचमेंट हा प्रकार आमच्या शोधाचा नाही. एलियस हाऊ यांना दुहेरी दोऱ्याच्या टाक्याच्या मशीनचं पेटंट १८४६ साली मिळालं, आयझॅक सिंगर यांना १८५१ साली. म्हणजे लांब सरळ शिलाई त्या काळातच सुटली होती, पण काज बराच काळ हातानंच होत राहिलं. पुढं १८८०च्या दशकात अमेरिकेत जॉन रीस यांची काजाची मशिनं कारखान्यांत गेली. साध्या मशीनला जोडायच्या अटॅचमेंट विसाव्या शतकात घरोघर पोचल्या. आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक अटॅचमेंट त्याच जुन्या नमुन्यावर बेतलेल्या आहेत.

त्यातली युक्ती अशी. साध्या मशीनची सुई फक्त वर-खाली जाते, बाजूला हलत नाही. मग सुई हलत नसेल तर कापड हलवायचं. अटॅचमेंट कापड दाबून धरणाऱ्या फुटाच्या जागी बसते. तिचं बेचकं सुई आवळायच्या स्क्रूवर अडकवलेलं असतं, त्यामुळे सुईची दांडी वर-खाली झाली की बेचक्याची तरफही वर-खाली होते. तरफेला एक कुत्रा, म्हणजे चाकाच्या दातात अडकणारी खिटी, असतो. तो दातेरी चाकाला दर टाक्याला एक दात पुढं ढकलतो. चाक एक दात सरकलं की कापड डावीकडे, पुढच्या दाताला उजवीकडे. शिवाय तेच चाक वर्म (आट्यांचा दांडा) लावून काजाचा साचा हळूहळू फिरवतं, त्यामुळे कापड एका बाजूनं पुढं जातं, टोकाला वळतं आणि दुसऱ्या बाजूनं परत येतं. मशीनचे कापड पुढं सरकवणारे खालचे दाते या वेळी कामाचे नसतात, म्हणून त्यांच्यावर सोबतची झाकणपट्टी बसवायची.

चाकाचे दात नेहमी सम संख्येत असतात. विषम ठेवले तर एक फेरा पूर्ण झाल्यावर शेवटचा टाका आणि पुढचा पहिला टाका एकाच बाजूला पडेल आणि काजाची कड तिथं तुटक दिसेल.

घोडं कुठं अडतं

टेलर मंडळी दुरुस्तीला अटॅचमेंट घेऊन येतात तेव्हा तक्रारी तीन-चारच असतात. पातळ पॉपलीनवर छान चालते, जीन्सवर सुई मोडते. काजाची एक बाजू सरळ, दुसरी नागमोडी. मधेच एका जागी दोऱ्याचा गोळा होतो. बहुतेकांना वाटतं सुई वाईट किंवा दोरा वाईट. पण निम्म्याहून जास्त वेळा दोष असतो वेळेचा. कापड कधी हलतं, यावर सगळं आहे.

सुई कापडातून पूर्ण बाहेर आल्यावरच कापड हललं पाहिजे. सुई आत असताना कापड ओढलं गेलं तर सुई वाकते, वाकलेली सुई तिचा दोरा पकडणाऱ्या खालच्या शटलच्या टोकापासून दूर जाते, टाका चुकतो, आणि फारच वाकली तर प्लेटवर आपटून मोडते. अशा मशीनमध्ये सुईची दांडी एकूण तीसेक मिलिमीटर वर-खाली होते आणि त्यातली साधारण निम्मी चाल सुईचं टोक प्लेटच्या खाली असतं. राहिलेल्या वरच्या निम्म्या चालीत कापड हलवायचं काम उरकायचं. शर्टाच्या पट्टीला कापडाचे दोन थर आणि आत बुक्रम (कडक अस्तर), सगळं मिळून मिलिमीटरभर जाडी. जीन्सच्या कमरपट्टीला घड्या धरून तीन मिलिमीटर सहज होतात. म्हणजे जाड कापडातून सुई दोन मिलिमीटर उशिरा सुटते. जुन्या नमुन्याच्या अटॅचमेंटमध्ये कापड हलायची वेळ कायमची ठरलेली असते, आणि ती ठरवली आहे शर्टाचं कापड डोळ्यांसमोर ठेवून. जीन्सवर अशी अटॅचमेंट सुई आत असतानाच कापड ओढायला लागते. पाऊस थांबायच्या आत वाळवण अंगणात घालण्यासारखं आहे हे : काम तेच, वेळ चुकीची.

आम्ही काय बदललं

पहिला बदल तरफेत. जुन्या नमुन्यात बेचकं आणि कुत्रा एकाच तरफेवर असतात. आम्ही तरफ दोन भागांत केली. एका भागावर बेचकं, दुसऱ्यावर कुत्रा, आणि मधे एक फट. सुई वर जायला लागली की बेचक्याचा भाग लगेच हलतो, पण फट भरून निघेपर्यंत कुत्र्याचा भाग जागचा हलत नाही. तेवढ्यात सुई कापडाबाहेर येते. ही फट बाजूच्या स्क्रूनं कमी-जास्त करता येते. स्क्रूजवळ तीन खुणा आहेत : पातळ, मध्यम, जाड. खाली येताना कुत्रा स्प्रिंगच्या जोरावर नुसता मागं येतो, कापड हलवत नाही.

ऐकायला सोपं आहे, पण या एका बदलामुळे बाकीचं सगळं बदलावं लागलं. फटीनं चालीचा एक हिस्सा खाल्ला की कुत्र्याला उरते ती चाल थोडी. 'जाड'च्या खुणेवर तर इतकी थोडी की मोठ्या दाताचं चाक एक दातसुद्धा पुढं जाणार नाही. कुत्रा अर्ध्यातून परत येईल आणि सगळे टाके एकाच जागी पडतील. म्हणून चाकाचे दात बारीक केले. चोवीस दातांच्या चाकाला एका दातासाठी १५ अंश फिरावं लागतं, बत्तीस दातांच्या चाकाला सव्वा अकरा. उरलेल्या चालीत हे सव्वा अकरा अंश बसतात.

बारीक दाताला ताकद कमी. जस्ताच्या कास्टिंगमध्ये असा दात टिकत नाही, हे कुठल्याही मिस्त्रीला सांगायला नको. म्हणून चाक पोलादाचं, दात मिलिंगवर कापलेले, नंतर पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, कडक केलेले. कुत्र्याचं टोकही तसंच. हे काम कोल्हापुरात करणं अवघड नाही. शेतीची ऑइल इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग ज्या उद्यमनगरात बनत आले तिथं पाणी देणारी भट्टी चार दारं सोडून सापडते. अवघड आहे ते हात राखून पाणी देणं : दात जास्त कडक झाला तर तो झिजत नाही, तुटतो. यामुळेच आमची अटॅचमेंट बाजारातल्या साध्या अटॅचमेंटपेक्षा महाग आहे. वजनालाही थोडी जड लागेल.

बारीक दाताची आणखी एक खोड म्हणजे त्यात कापडाची लव लवकर भरते, विशेषतः फ्लॅनेल किंवा खादी शिवताना. लव साचली की कुत्रा दातात पूर्ण बसत नाही आणि घसरतो. म्हणून चाकावर पत्र्याचं झाकण दिलंय. एक स्क्रू काढला की निघतं. ते लावूनच काम करा. झाकण काढून ठेवलेल्या अटॅचमेंट दुरुस्तीला आल्या की आम्हाला न विचारताच कळतं.

कापड पकडणाऱ्या फुटाच्या तळाला बारीक खाचा आहेत. रेशीम, शिफॉन, जॉर्जेट अशा कापडाला खाचांचे वण उठतात, त्यासाठी चिकटवायची रबराची पट्टी पाकिटात आहे.

पहिलं काज करण्याआधी

फुटाची दांडी प्रत्येक मशीनला सारख्या उंचीची नसते, म्हणून अटॅचमेंटसोबत उंच आणि बुटका असे दोन पाय दिलेत. योग्य पाय लावून स्क्रू घट्ट आवळा आणि बेचकं सुईच्या स्क्रूवर बसलंय का बघा. मग सुईत दोरा न ओवता, खाली कापड न ठेवता, हातचाक हातानं पूर्ण काजभर फिरवा. घाई करू नका. सुई फुटाच्या फटीच्या मधोमध उतरते का, कुठं धातूला शिवते का, ते दिसलं पाहिजे. सुई कडेला घासत असेल तर तसंच चालवू नका, पाय थोडा सैल करून अटॅचमेंट सरळ करा.

फटीचा स्क्रू बसवायची साधी रीत : जे कापड शिवायचं त्याचाच, तेवढ्याच थरांचा तुकडा फुटाखाली घ्या, हातचाक सावकाश फिरवा आणि सुईच्या टोकाकडे बघा. टोक कापडातून सुटल्यावर कापड हललं पाहिजे. आधी हललं तर स्क्रू 'जाड'कडे वळवा. पातळ कापडाला उगाच 'जाड'वर ठेवू नका. चालेल, पण चाल अपुरी पडून एखादा दात सुटायची शक्यता वाढते.

सुई शर्टाला १४ नंबर, जीन्सला १६, पातळ ब्लाउजपीसला ११. वरच्या दोऱ्याचं टेन्शन नेहमीपेक्षा किंचित सैल ठेवा म्हणजे टाक्याची गाठ खालच्या बाजूला जाते आणि वरून काज भरलेलं दिसतं. बुक्रम किंवा फ्युजिंग नसलेल्या एकेरी कापडावर कोणत्याही अटॅचमेंटचं काज चांगलं येत नाही, आमचंही नाही.

लांबी किती घ्यायची हा प्रश्न सगळेच विचारतात. बटणाचा व्यास अधिक बटणाची जाडी, एवढी. शर्टाचं १८ नंबरचं बटण साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास असतं, २४ नंबरचं सव्वापंधरा, ३२ नंबरचं वीस. १८ नंबरच्या चपट्या बटणाला तेरा-साडेतेरा मिलिमीटर काज पुरतं. घुमटाकार बटण असेल तर पट्टीवर करण्याआधी तुकड्यावर करून बघाच. शर्टाच्या पुढच्या पट्टीची काजं उभी, कॉलरच्या पट्टीचं आडवं, हे तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही. पण आडव्या काजासाठी कॉलर अटॅचमेंटखाली कशी फिरवायची ते दुकानात एकदा बघून घ्या, चित्रातून ते नीट कळत नाही.

एक फेरा झाला की त्याच टाक्यांवर दुसरा फेरा घ्या. पहिला फेरा कापड धरतो, दुसरा काज भरतो. कापायचं ते दोन्ही फेरे झाल्यावरच, आणि टोकाला आडवी टाचणी लावून, म्हणजे कटर टोकाचे टाके कापत जाणार नाही. दोन कडांमधली जागा फार अरुंद दिसली तर बाजूच्या दुसऱ्या छोट्या स्क्रूनं टाक्याची रुंदी कमी करा, साच्याला हात लावू नका.

मोटर लावलेल्या मशीनवर पेडल अर्ध्यावरच दाबा. अटॅचमेंट मोटरच्या पूर्ण वेगासाठी बनवलेली नाही आणि त्या वेगात स्प्रिंग कुत्र्याला वेळेत मागं आणू शकत नाही. पायानं चालवलेलं मशीन यासाठी उत्तम.

हिच्यानं काय होत नाही

कोटाचं गोल डोळ्याचं काज होत नाही. ३२ नंबरच्या वरच्या बटणाला साचा पुरत नाही. होजिअरीच्या ताणणाऱ्या कापडावर कागद खाली घेऊन बरं काम होतं, पण खात्री देत नाही. चामड्यावर वापरू नका. आणि हाताच्या काजटाक्याला कडेनं जी गाठींची ओळ येते ती कुठल्याही अटॅचमेंटला येत नाही. चांगल्या कोटाला, शेरवानीला आजही हाताचंच काज करावं, असं आमचं मत आहे.

तेल आणि पावसाळा

कडक केलेलं पोलाद झिजत नसलं तरी गंजतं. इकडच्या पावसात चार महिने दुकानाच्या भिंतीसुद्धा ओल्या असतात. जून लागताच अटॅचमेंट डब्यात न ठेवता कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल अडकते. चाकाला आणि तरफेच्या खिळीला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, आठवड्यातून एकदा. खोबरेल घालू नका, ते चिकट होऊन लव धरतं. इंजिनचं ऑइल तर नकोच. तेल घातल्यावर पहिली दोन काजं चिंधीवर करा, नाहीतर पांढऱ्या शर्टाच्या पट्टीवर डाग पडलाच म्हणून समजा.

जुनी अटॅचमेंट असेल तर

तुमच्याकडे आधीची अटॅचमेंट असेल आणि तिची बॉडी लोखंडी असेल तर नवीन तरफ आणि चाक तिच्यातच बसवून मिळतं. नवी घेण्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि आम्हालाही ते बरं वाटतं. बॉडी जस्ताची असेल तर खिळीचं भोक बहुधा लांबट झालेलं असतं. त्यात नवं चाक बसवून उपयोग नाही, चाक डगमगत राहील. अशी अटॅचमेंट आम्ही घेत नाही.

चाक, कुत्रा आणि स्प्रिंग यांना एक वर्षाची हमी आहे. मोटरच्या पूर्ण वेगात चालवून तुटलेला कुत्रा हमीत बसत नाही. किंमत मागच्या पानावर दिली आहे. बसवून घ्यायला येताना मशीनचं फक्त डोकं आणा, टेबल-पायडलची गरज नाही, आणि सोबत ज्या कापडावर अडचण येते त्याचा तुकडा आणा. सोमवारी वर्कशॉप बंद असतं.