आडनाव विचारून मिळणारे घर : मुंबईतील एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

मुंबईत भाड्याने घर शोधणाऱ्याला दलाल आधी बजेट विचारतो आणि लगेच आडनाव. त्यानंतर ‘व्हेज की नॉनव्हेज’, ‘फॅमिली की बॅचलर’ हे ओघानेच येते आणि ‘सोसायटीचा प्रॉब्लेम आहे’ एवढ्यावर बोलणे संपते. नकार लेखी कोणी देत नाही, त्यामुळे त्याविरुद्ध दाद मागायची तर हाती काहीच नसते. मुसलमान, दलित, एकट्या राहणाऱ्या स्त्रिया, तृतीयपंथी व्यक्ती यांना हा अनुभव इतका सवयीचा झाला आहे की, अनेक जण घर पाहायला जाण्यापूर्वीच आपली ओळख फोनवर सांगून टाकतात. निदान फेरी तरी वाचते. हा भेदभाव काही मोजक्या घरमालकांच्या कोत्या मनाचा परिणाम आहे असे मानणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. हे शहर ज्या रीतीने वसवले गेले, त्या रीतीतच त्याची मुळे आहेत.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले आणि दाटीवाटीच्या वस्त्यांचा प्रश्न सरकारला टाळता येईना. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले आणि गावदेवी, दादर, माटुंगा अशा ठिकाणी भूखंड पाडले. या नव्या जागांवर घरे बांधण्याइतका पैसा एकट्यादुकट्या मध्यमवर्गीय कुटुंबाकडे नव्हता. तो उभा करण्याची सर्वांत विश्वासाची जागा म्हणजे आपली ज्ञाती. १९१५ मध्ये गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली आणि देशातील सहकारी गृहनिर्माणाची ती आरंभीची पायरी ठरली. १९१८ मध्ये वांद्र्यात सालसेट कॅथलिक संस्था आली. दादरला मंचरजी जोशी यांच्या पुढाकाराने पारशी कॉलनी वसली, तर शेजारी हिंदू कॉलनी. या संस्था उभारणाऱ्यांच्या कष्टांविषयी मला मनापासून आदर आहे. घरभाड्याने पिचलेल्या कारकुनाला त्यांनी हक्काचे छप्पर दिले. मात्र ‘आपल्या माणसांना घर मिळावे’ हा हेतू वीट आणि चुन्यात बांधला गेला, की त्याची दुसरी बाजूही कायमची होते : बाकीच्यांना ते मिळत नाही.

गिरणगावात चित्र गरिबीचे होते, तरी रीत तीच होती. एका गावचे, एका भावकीचे पुरुष मिळून खोली घेत आणि पाळीपाळीने झोपत. १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे बीडीडी चाळी बांधल्या. १६० चौरस फुटांची खोली, सामायिक नळ, सामायिक संडास. सरकारी भिंतींनी जात पाहिली नव्हती, तरी राहणाऱ्यांनी इमारती वाटून घेतल्या आणि कोणती चाळ कोणाची हे सर्वांना पाठ झाले. १९७४ च्या जानेवारीत वरळीत दलित पँथर आणि शिवसेना यांच्या कार्यकर्त्यांमध्ये दंगल पेटली, तेव्हा दगडफेकीच्या रेषा याच वाटणीप्रमाणे आखल्या गेल्या होत्या.

या वाटणीमागची शिवाशिवीची कल्पना प्रत्यक्ष कशी चाले, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण गिरणीतच सापडते. मागावरचा विणकर सुताची कांडी बदलताना धोट्याच्या, म्हणजे शटलच्या, भोकातून सुताचे टोक तोंडाने ओढून घेई. एकाने ओठ लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी लागणार, या कारणावरून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना विणाई खात्यात घेतले जात नसे, आणि नेमक्या याच खात्यात पगार चांगला होता. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे आग्रहाने मांडला. ते स्वतः तेव्हा परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, म्हणजे बीआयटी चाळीत राहत होते. त्याच्या अकरा वर्षे आधी, परदेशातून उच्च शिक्षण घेऊन बडोद्यात नोकरीवर रुजू झालेल्या याच माणसाला तेथील पारशी धर्मशाळेतून जात कळताच बाहेर काढण्यात आले होते. तोंड, पाणी आणि चूल यांभोवतीची ती जुनी धास्तीच आज ‘आमच्या बिल्डिंगमध्ये नॉनव्हेज चालत नाही’ या वाक्यात शिरली आहे, असे माझे मत आहे. आहाराची आवड ज्याची त्याला. पण तिच्या नावाखाली जात आणि धर्म चाळून घेता येतात आणि विचारणाऱ्याला आपण भेदभाव करत आहोत असे वाटतही नाही.

कायद्याचा इतिहास या बाबतीत दाराशी येऊन थबकतो. ऑगस्ट १९२३ मध्ये सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा अस्पृश्यांना खुल्या केल्या. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. खासगी मालकाच्या भाड्याच्या घराचा नाही. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्यात कोणत्याही वस्तीत घर घेण्यास वा राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे गुन्हा ठरले, ही मोलाची तरतूद. पण धर्म, आहार किंवा एकटेपणा यांवरून मिळालेल्या नकाराला ती लागू पडत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारू नये असे सांगतो. दुसरीकडे, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा सदस्यत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला आणि त्यासाठी संघटना स्थापन करण्याच्या स्वातंत्र्याचा आधार घेतला. भाडेकरू ठेवताना सदस्याने संस्थेला कळवावे, पूर्वपरवानगीची गरज नाही, असे राज्याचे आदर्श उपविधी सांगत असले, तरी कमिटीसमोरची ‘मुलाखत’ कित्येक इमारतींत चालूच आहे.

१९९२-९३ च्या दंगलींनी या सगळ्यावर भीतीचा थर चढवला. मिश्र वस्त्यांतून अनेक मुसलमान कुटुंबे मुंब्रा आणि मीरा रोडकडे गेली, आणि मग ‘ते लोक त्यांच्याच वस्तीत राहतात’ असे म्हणायला बाकीचे मोकळे झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी महिलेला केवळ मराठी असल्यामुळे कार्यालयासाठी जागा नाकारली गेली, तेव्हा उसळलेला संताप अगदी रास्त होता. आपल्याच शहरात दारातून परत फिरण्याचा अपमान काय असतो, हे त्या दिवशी अनेक मराठी घरांना कळले. पण तोच प्रश्न मराठी कमिट्याही दारात आलेल्या कांबळे आणि शेख यांना विचारत आल्या आहेत, हे त्या चर्चेत फारसे कोणी बोलले नाही.

शेजारी कोण असावा हे कमिटी ठरवत नाही अशी एक मोठी व्यवस्था मुंबईत आहे, ती म्हाडाची सोडत. तिच्यात अनुसूचित जातींसाठी ११ टक्के आणि अनुसूचित जमातींसाठी ६ टक्के घरे राखीव असतात, आणि कोणाला कोणते घर हे चिठ्ठीवर ठरते. एकाच मजल्यावर निरनिराळ्या आडनावांच्या पाट्या दिसतात त्या बहुधा अशा इमारतींत. मात्र पाच वर्षांनंतर ही घरे विकता येतात, आणि तेथून पुढचा व्यवहार पुन्हा दलालाच्या फोनवरून सुरू होतो.