हार्प्सिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्ड: तार छेडणे आणि तारेला भिडून राहणे

बाख, कूपराँ, स्कार्लाती या युरोपीय संगीतकारांच्या बरोक काळातील (साधारण १६०० ते १७५०) पट्टीवाद्यांपैकी ऑर्गन चटकन ओळखू येतो, पण हार्प्सिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्ड यांची गल्लत वारंवार होते. पट्टी दाबल्यावर तारेचे नेमके काय होते हे एकदा नीट पाहिले, तर ही गल्लत होण्याचे कारण उरत नाही.

हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जाते. पट्टीच्या मागच्या टोकावर जॅक नावाची उभी, चपटी लाकडी काडी असते आणि तिच्यात पक्ष्याच्या पिसाच्या देठापासून केलेली बारीक नखी बसवलेली असते. पट्टी दाबली की जॅक वर जातो आणि नखी तारेला छेडते. पट्टी सोडली की नखी धरणारी छोटी जिभली मागे कलते, नखी तार पुन्हा न छेडता खाली उतरते आणि जॅकला लावलेला कापडाचा तुकडा नाद थांबवतो. त्यामुळे बोट जोरात पडले काय किंवा हलके पडले काय, आवाज जवळपास सारखाच येतो. ही मर्यादा कूपराँने १७१३ साली हार्प्सिकॉर्डसाठीच्या रचनांच्या आपल्या पहिल्या संग्रहाच्या प्रस्तावनेत स्पष्ट मांडली होती, आणि तरीही या वाद्यातून भाव व्यक्त करून दाखवणाऱ्यांचे आपण ऋणी राहू, असेही त्याने लिहिले होते. सुरांची लांबी, अलंकार आणि किंचित विलंब यांच्या आधारे वादक हे साधतो. मोठ्या वाद्यांत पट्ट्यांच्या दोन ओळी असतात आणि त्यांतून कमीजास्त ताकदीचा आवाज काढता येतो. बाखने १७३५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘इटालियन कॉन्चेर्तो’ या रचनेत या दोन ओळींच्या आधारेच जोरकस आणि मृदू असा भेद लिहून ठेवला आहे.

क्लॅव्हिकॉर्डमध्ये पट्टीच्या मागच्या टोकाला पितळेची छोटी पाती असते. ती खालून तारेवर आघात करते आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत तारेला भिडूनच राहते. पातीच्या एका बाजूची तार वाजते, तर दुसरी बाजू तारांमध्ये विणलेल्या लोकरी पट्टीने मुकी केलेली असते; म्हणजे पाती आघातही करते आणि वाजणाऱ्या तारेची लांबीही ठरवते. बोट उचलताच सगळी तार मुकी होते. बोट आणि तार यांचा संबंध सूर संपेपर्यंत तुटत नाही, आणि मला या वाद्याचे खरे वैभव इथेच दिसते. आघाताचा जोर बदलून आवाज लहानमोठा करता येतो, धरलेल्या सुरावर बोट हलकेच दाबत राहिल्यास जर्मन वादक ज्याला ‘बेबुंग’ म्हणत तो कंप निर्माण होतो, आणि दाब प्रमाणाबाहेर गेला तर सूर चढतो. पट्टीवाद्य वाजवणाऱ्याची पारख क्लॅव्हिकॉर्डवर सर्वांत अचूक होते, असे बाखचा मुलगा कार्ल फिलिप इमान्युएल याने १७५३ च्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे, ते उगाच नव्हे.

याची किंमत म्हणजे आवाज अतिशय क्षीण असतो. बाखच्या १७२१ च्या पाचव्या ब्रँडेनबुर्ग कॉन्चेर्तोत बासरी आणि व्हायोलिनच्या जोडीला हार्प्सिकॉर्डच हवा. क्लॅव्हिकॉर्ड तिथे ऐकूच येणार नाही. तो घरात आणि सरावासाठी वापरला जाई. चर्चमधील ऑर्गनसाठी भाता हलवणारा माणूस लागत असल्याने ऑर्गनवादकांना घरच्या सरावासाठी तो फार सोयीचा होता.

केवळ आकारावरून ओळखण्याचा प्रयत्न मात्र फसतो. क्लॅव्हिकॉर्ड आयताकृती पेटीसारखा असतो आणि मोठा हार्प्सिकॉर्ड पंखाच्या आकाराचा, हे खरे. पण व्हर्जिनल हे तार छेडणारे वाद्यही बहुधा आयताकृतीच असते. ध्वनिमुद्रणातही आवाज वाढवलेला असल्यामुळे दोन्ही सारख्याच ताकदीची भासतात. अशा वेळी सुराच्या दोन्ही टोकांकडे लक्ष द्यावे: सुरुवातीला धारदार छेड आणि पट्टी सोडताना नखी तारेवरून परत सरकल्याचा बारीक खट्ट आवाज आला तर तो हार्प्सिकॉर्ड, धरलेला सूर मधेच थरथरला किंवा किंचित चढला तर तो क्लॅव्हिकॉर्ड.