काकांनी दूध सोडलं

तलावपाळीवर सकाळच्या फेरीत भेटणाऱ्या एका काकांना ब्लडप्रेशरसाठी अॅम्लोडिपिन सुरू झाली. कुणीतरी सांगितलं, ही कॅल्शियम अडवणारी गोळी. झालं! दुसऱ्या दिवसापासून काका कोऱ्या चहावर, आणि काकूंची हाडांची गोळीही संशयात.

दुधातल्या कॅल्शियमशी या गोळीचं काही भांडण नाही. पेशीच्या बाहेर मोकळं कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट जास्त असतं, आणि त्याला आत यायला पेशीच्या आवरणात बारीक दारं असतात. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींची ही दारं उघडली की कॅल्शियम आत घुसतं, स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते. गोळी ही दारं कमी उघडू देते. वाहिनी थोडीच सैलावते, पण तेवढंही पुष्कळ असतं: त्रिज्या १० टक्के वाढली तर प्रवाहाचा अडथळा जवळपास ३२ टक्के घटतो.

मग काकांच्या पोटऱ्या लुळ्या कशा पडत नाहीत? हातापायांचे स्नायू आकुंचनासाठी पेशीच्या आतल्या साठ्यातलं कॅल्शियम वापरतात. हृदयाला मात्र बाहेरचंही लागतं. १८८३ साली सिडनी रिंगर यांना हे बेडकाच्या हृदयावर दिसलं. लंडनच्या नळाच्या पाण्यात केलेल्या द्रावणात ते धडधडत राही, शुद्ध पाण्यातल्या द्रावणात मंदावे. फरक नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा होता.

याच कारणाने वेरापामिल आणि डिल्टियाझेम ही भावंडं हृदयाचा वेगही कमी करतात. अंजायनात, म्हणजे हृदयाच्या स्नायूला प्राणवायू कमी पडून छातीत दुखतं तेव्हा, त्याचा उपयोग होतो: हृदयाची मागणी घटते आणि त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्याही रुंदावतात. अॅम्लोडिपिनचा भर वाहिन्यांवर. समोरचा दाब उतरला की हृदयाचे कष्ट आपोआप कमी होतात.

महिन्याभराने काकांच्या चपला संध्याकाळी घट्ट होऊ लागल्या. किडनी गेली, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. खरं तर गोळीने धमन्यांची टोकं रुंदावतात, शिरा तितक्या नाही. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी घोट्यांभोवती झिरपतं. लघवीच्या गोळीने अशी सूज फारशी उतरत नाही. पण सूज हृदयाची किंवा किडनीचीही असू शकते, तेव्हा दाखवायला तर हवंच, आणि गोळी मनाने बंद करायची नाही. काकांनी दाखवलं. डॉक्टरांनी १० मिलिग्रॅमची ५ केली.

चहात दूधही परत आलं.