पेपर जर्नलला पाठवण्याआधी एकदा हे वाचा
संसर्गजन्य आजारांवर संशोधन करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. तुम्ही आमच्याकडे पेपर तपासायला दिलाय किंवा द्यायचा विचार करताय, म्हणून हे पत्रक. आमची फर्म छोटी आहे, मोजकी माणसं आहोत, आणि आम्ही फक्त संसर्गजन्य आजारांवरचेच पेपर घेतो. बॅक्टेरिया, व्हायरस, फंगस, परजीवी, अँटिबायोटिक रेझिस्टन्स (जंतूवर औषध न चालणं), लसी, साथीचे अभ्यास, एवढंच. पहिल्या फोनवर बहुतेक जण म्हणतात की बाकी सगळं तयार आहे, भाषा तेवढी नीट करून द्या. भाषा आम्ही करतोच, पण भाषेपायी परत आलेले पेपर आमच्याकडे तसे कमी येतात, हिशोब न जुळल्यामुळे परत आलेले जास्त येतात.

हिशोब म्हणजे काय

एक नेहमी दिसणारा प्रकार सांगतो. मेथड्समध्ये लिहिलेलं असतं २१२ पेशंट, टेबल १ मध्ये बेरीज येते २०९, आणि पुढे रेझिस्टन्सच्या टेबलमध्ये अचानक २३१ आयसोलेट (सॅम्पलमधून वेगळे काढलेले जंतू). लिहिणाऱ्याला यात काही खटकत नाही कारण त्याला सगळं माहीत असतं, दोघांनी संमती मागे घेतली, एकाचं सॅम्पल लॅबमध्ये पोचेपर्यंत खराब झालं, आणि काही पेशंटचं ब्लड कल्चर दोन-तीन वेळा गेलं म्हणून आयसोलेट जास्त. पण रिव्ह्यूअरला यातलं काहीच माहीत नसतं, त्याला फक्त तीन आकडे दिसतात जे एकमेकांशी बोलत नाहीत, आणि तिथून पुढे तो प्रत्येक आकड्याकडे संशयानेच बघतो. दोन वाक्यं लिहिली असती तर हे टळलं असतं.

यातला आयसोलेटचा मुद्दा नुसता लिहिण्याचा नाही, त्याने निष्कर्षच बदलतो. समजा ४० पेशंट आहेत आणि त्यातल्या ८ जणांचा जंतू मेरोपेनेम या अँटिबायोटिकला रेझिस्टंट आहे, म्हणजे २० टक्के. आता हे आठ जण जास्त आजारी, आयसीयूत जास्त दिवस, त्यामुळे प्रत्येकाचं कल्चर तीन वेळा गेलं आणि तीनही वेळा तोच जंतू आला, बाकी ३२ जणांचं एकदाच गेलं. तुम्ही पेशंट न मोजता आयसोलेट मोजले तर रेझिस्टंट झाले २४, एकूण झाले ५६, आणि टक्केवारी गेली जवळपास ४३ वर. जंतू तेच, पेशंट तेच, आकडा दुप्पट. म्हणूनच अँटिबायोग्राम (कुठला जंतू कुठल्या औषधाला किती दाद देतो याचा तक्ता) करताना एका पेशंटचा एका जातीचा पहिलाच आयसोलेट धरावा असं सीएलएसआय या लॅबचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचं एम३९ मार्गदर्शन सांगतं, आणि एखाद्या जातीचे ३० तरी आयसोलेट असल्याशिवाय टक्केवारी देऊ नये असंही. तुमच्याकडे १२ च असतील तर "१२ पैकी ५" असं सरळ लिहा, ४१.७ टक्के लिहिल्याने पुरावा भक्कम होत नाही.

सेन्सिटिव्हिटीचे रिपोर्ट देताना कुठले ब्रेकपॉइंट (जंतूवर औषध चालतं की नाही हे ठरवणाऱ्या मर्यादा) वापरले आणि कुठल्या वर्षीचे, हे लिहायचंच. सीएलएसआय आणि तशीच युरोपातली युकास्ट, दोघांचे तक्ते दरवर्षी बदलतात. युकास्टने तर २०१९ मध्ये रिपोर्टमधल्या "आय" या अक्षराचा अर्थच बदलला, आधी ते मधलं, अर्धवट समजलं जायचं, आता त्याचा अर्थ औषधाचा डोस किंवा एक्स्पोजर वाढवलं तर चालेल असा आहे. त्यामुळे २०१७ ते २०२१ चा डेटा एकत्र करून "आय" आणि "आर" (रेझिस्टंट) एकाच खान्यात टाकलेत तर तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज केलेली असते. शक्य असेल तर एमआयसीचे (जंतूची वाढ थांबवणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण) मूळ आकडे काढा आणि सगळे एकाच तक्त्याने परत वाचा. काम कंटाळवाणं आहे, मान्य, पण पेपर इथेच तरतो.

मूळ डेटा हाताशी हवा

मे २०२० मधली गोष्ट बऱ्याच जणांना आठवत असेल. कोविडसाठी दिलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा एक मोठा अभ्यास द लॅन्सेटमध्ये २२ मे ला आला, ६७१ हॉस्पिटल, ९६ हजारांवर पेशंट. जगभर त्याची चर्चा झाली, चालू ट्रायल थांबवल्या गेल्या, आणि ४ जूनला तो पेपर मागे घेतला गेला कारण स्वतंत्र तपासणीसाठी मूळ डेटा मिळालाच नाही. तेरा दिवस. तेव्हापासून आम्ही प्रत्येक ग्राहकाला एकच विचारतो, उद्या एडिटरने मूळ शीट मागितली तर किती वेळात देऊ शकाल? उत्तर "बघावं लागेल" असं असेल तर आधी ते बघा, पेपर पळून जात नाही.

जीनोम सिक्वेन्सिंग केलं असेल तर सिक्वेन्स जेनबँक, ईएनए किंवा डीडीबीजे या सार्वजनिक डेटाबेसमध्ये जमा करून तिथे मिळणारा अ‍ॅक्सेशन नंबर पेपरमध्ये द्यावा लागतो, फ्लू किंवा कोविडच्या व्हायरससाठी बरेच जण जिसेड हा डेटाबेस वापरतात. हे शेवटच्या रात्री होत नाही, नंबर यायला दिवस जातात, त्यामुळे लिहायला घेतानाच अपलोड करा. आणि थेट पेशंटच्या सॅम्पलमधून सिक्वेन्सिंग असेल तर माणसाचे रीड्स (सिक्वेन्सचे तुकडे) आधी काढून टाका, तो पेशंटच्या खाजगीपणाचा प्रश्न आहे.

परवानग्या

एथिक्स कमिटीच्या मंजुरीचा नंबर आणि तारीख. तारीख डेटा गोळा करण्याच्या आधीची हवी. संमतीची सूट मिळाली असेल तर ती कमिटीने दिली असं लिहायचं, आपण आपली ठरवून घेता येत नाही. क्लिनिकल ट्रायल असेल तर पहिला पेशंट घेण्याच्या आधी किंवा त्याच वेळी सार्वजनिक रजिस्ट्रीत नोंद हवी, आयसीएमजेई या वैद्यकीय जर्नलच्या संपादकांच्या समितीतल्या जर्नल्सनी हा नियम २००५ पासून लावलाय, आणि नोंद नंतर केली असेल तर आम्हाला त्यात काहीही करता येत नाही, हे आधीच सांगतो म्हणजे नंतर वाईट वाटायला नको.

केस रिपोर्टला पेशंटची लेखी संमती लागते, ती प्रकाशनासाठीची, उपचाराची नव्हे. डोळ्यांवर काळी पट्टी लावली की झालं असं अजूनही काही जण समजतात, तसं नाहीये. दुर्मिळ आजार, नेमकं वय, व्यवसाय आणि अ‍ॅडमिट झाल्याची तारीख एवढं दिलं तरी गावातल्या लोकांना माणूस ओळखू येतो. तारखेऐवजी "आजाराचा चौथा दिवस" असं लिहा, वैद्यकीय अर्थाला काही बाधा येत नाही.

नावं

जंतूचं नाव पहिल्यांदा पूर्ण, नंतर संक्षिप्त, आणि इटॅलिकमध्ये. क्लेब्सिएला न्युमोनिई एकदा लिहिलं की पुढे के. न्युमोनिई. जुनी नावं तपासा, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल २०१६ मध्ये क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल झालं, मंकीपॉक्स आजाराला जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२२ मध्ये एमपॉक्स हे नाव दिलं. आजार आणि व्हायरस यांची गल्लत तर सारखी दिसते, कोविड-१९ हा आजार, सार्स-कोव्ह-२ हा व्हायरस, त्यामुळे "कोविड-१९ चा जीनोम" असं काही नसतं.

लेखकांच्या नावांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. आयसीएमजेईचे चार निकष आहेत आणि चारही लागतात: कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा गंभीर सुधारणेत सहभाग, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि कामाच्या खरेपणाची जबाबदारी. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव, हे यात बसत नाही. उलट जिने रात्री उभं राहून सहाशे प्लेट्स वाचल्या ती टेक्निशियन कित्येकदा आभारातही नसते, हे आम्हाला मनापासून खटकतं, तिने लिखाणात भाग घेतला असेल आणि बाकीचे निकषही पूर्ण केले असतील तर ती लेखक आहे आणि तो भाग घ्यायची संधी तिला द्यायला हवी. आम्ही कुणाचं नाव घालत नाही, काढत नाही, क्रमही ठरवत नाही. तो तुमच्यात ठरवा, आणि सबमिट करण्याच्या आधी ठरवा, कारण नंतर बदलायला जर्नल सगळ्यांच्या सह्या मागतं.

एआय टूल वापरलं असेल तर लपवू नका. ते लेखक होऊ शकत नाही आणि वापर कुठे केला ते सांगावं लागतं. आमचा मुख्य त्रास रेफरन्सचा आहे, अस्तित्वातच नसलेले पेपर अगदी खरे वाटतील असे यादीत येऊन बसतात. आम्ही प्रत्येक रेफरन्स उघडून बघतो, जो सापडत नाही त्याला लाल खूण करतो, आणि त्याच्या जागी दुसरा शोधून टाकत नाही कारण तुम्ही तो वाचलेला नसतो.

जर्नल कुठलं

आधी त्या जर्नलचे मागच्या वर्षभरातले दहा-पंधरा पेपर चाळा, तुमच्यासारखं काम दिसतंय का ते बघा. एका हॉस्पिटलचा रेझिस्टन्सचा अभ्यास द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेसला पाठवला तर बहुधा रिव्ह्यूअरपर्यंत न जाताच परत येईल, त्याचा अर्थ काम वाईट असा होत नाही, जागा चुकली. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेचं इमर्जिंग इन्फेक्शस डिसीझेस १९९५ पासून निघतं आणि लेखकांकडून फी घेत नाही, पण त्यांना नवं डोकं वर काढणारे आजार हवे असतात, नाव वाचलं तरी कळतं. एकाच वेळी दोन जर्नलला पाठवायचं नाही, कधीच नाही. मेडआर्काइव्हसारख्या प्रीप्रिंट सर्व्हरवर (रिव्ह्यूच्या आधीच पेपर सगळ्यांना खुला ठेवायची जागा) आधी टाकलेलं बहुतेकांना चालतं, तरी त्या जर्नलचा नियम वाचून घ्या आणि कव्हर लेटरमध्ये सांगा. आणि "आदरणीय डॉक्टर, आपला अमूल्य लेख सात दिवसांत छापू" असा मेल आला तर उत्तर देऊ नका, डीओएजे या खुल्या जर्नलच्या यादीत ते जर्नल आहे का आणि संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का ते आम्हाला विचारलंत तरी आम्ही बघून सांगू.

चेकलिस्ट जोडायला विसरू नका, निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, ट्रायलला कॉन्सॉर्ट, निदान चाचणीला स्टार्ड, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूला प्रिझ्मा. स्ट्रोबचे २२ मुद्दे आहेत, आम्ही म्हणू की लिहिण्याच्या आधीच समोर ठेवा, शेवटी पान नंबर भरण्यापुरतं उघडलं तर तेव्हा कळतं की किती लोक अभ्यासात यायला नकार देऊन गेले ते कुणी लिहूनच ठेवलं नाही.

आम्हाला काय पाठवायचं, आम्ही काय परत देतो

वर्ड फाइल, टेबल वेगळी, फिगरच्या मूळ फाइल, आणि पेशंटची नावं व नोंदणी नंबर काढलेली डेटा शीट. नावं असलेली शीट आली तर आम्ही ती उघडल्याबरोबर डिलीट करतो आणि परत मागतो, कृपया रागावू नका. परत देताना दुरुस्त केलेला मसुदा आणि सोबत प्रश्नांचा एक कागद असतो, "पान ४, ओळ ११, इथे ८७ आहे, टेबल २ मध्ये ८९, कुठला बरोबर?" अशा प्रकारचा. उत्तर आम्ही अंदाजाने भरत नाही.

रिव्ह्यू आल्यावर पहिल्या दिवशी काही लिहू नका. नंतर प्रत्येक मुद्दा कॉपी करा, खाली उत्तर, खाली बदललेली ओळ. रिव्ह्यूअर चुकला असेल तर तसं सांगता येतं, पुरावा देऊन आणि नम्रपणे. पेपर नाकारला गेला आणि दुसरीकडे पाठवायचा असेल तर पहिल्या रिव्ह्यूअरच्या योग्य सूचना तरी करूनच पाठवा, तोच माणूस तिथेही वाचायला बसलेला असू शकतो, संसर्गजन्य आजारांच्या एकेका विषयात जाणकार थोडेच असतात. कव्हर लेटरमधलं आधीच्या जर्नलचं नाव बदललं का तेही बघा.

पेपर छापला जाईलच अशी हमी आम्ही देत नाही, कुणी देत असेल तर सावध राहा. सबमिटचं बटण मात्र तुमच्या स्वतःच्या अकाउंटवरून तुम्हीच दाबायचं, पासवर्ड आम्हाला देऊ नका, कारण एडिटरचे मेल करस्पाँडिंग लेखकालाच जातात आणि त्यांची उत्तरं त्यानेच द्यायची असतात. हवं तर तेव्हा फोनवर आम्ही सोबत असू.